योनिमार्गात ठेवायची गोळी: क्लोट्रिमॅझोल काय करते आणि काय करत नाही

औषधाच्या दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबलेली एखादी बाई शेवटी पुढे होते आणि पर्समधून चार घड्या घातलेला कागद, किंवा मागच्या वेळच्या पाकिटाचा फाडून जपून ठेवलेला चंदेरी तुकडा, न बोलता दुकानदारापुढे सरकवते. दुकानदारही न बोलता एक लहानसे खोके कागदी पिशवीत घालून देतो. त्या खोक्यात लांबट, पांढऱ्या, चपट्या गोळ्या असतात आणि बहुधा त्या आत सरकवण्यासाठी प्लास्टिकची एक नळी असते. गोळी कशी वापरायची हे विचारले जात नाही आणि सांगितलेही जात नाही. त्यामुळे योनिमार्गात ठेवायची ही गोळी कुणी पाण्याबरोबर गिळूनही टाकते. ज्या औषधाविषयी इतक्या हळू आवाजात बोलले जाते, त्याची नीट ओळख एकदा करून घ्यायला हवी.

योनिमार्गातल्या बुरशीच्या संसर्गावर वापरायच्या या गोळीतले औषध म्हणजे क्लोट्रिमॅझोल. बायर या जर्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते तयार झाले आणि १९७३ मध्ये ‘कॅनेस्टेन’ या नावाने बाजारात आले. आपल्याकडे ते अनेक नावांनी मिळते. १९७७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ग्लेनमार्क कंपनीचे ‘कँडिड’ हे त्यांपैकी सर्वांत ओळखीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही क्लोट्रिमॅझोलच्या योनिमार्गात वापरायच्या गोळ्या आणि मलम यांचा समावेश आहे.

त्याआधी या आजारावर जेन्शन व्हायोलेट नावाचे गडद जांभळे औषध लावत असत. त्याचा उपयोग होई, पण कपड्यांवर डाग पडत आणि ते धुऊनही निघत नसत. पुढे १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात काम करणाऱ्या एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी, व्हर्जिनियातल्या एका शेतातल्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून निस्टॅटिन मिळवले. माणसाला वापरता येण्याजोग्या पहिल्या बुरशीरोधक औषधांपैकी ते एक. न्यूयॉर्क स्टेट या शब्दांवरूनच त्याचे नाव पडले आणि त्यातून आलेले स्वामित्वधन दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले. बायकांच्या या आजारावरचे पहिले नेमके औषध दोन बायकांच्या हातून आले, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. निस्टॅटिन मात्र दीर्घकाळ, साधारण दोन आठवडे वापरावे लागे. क्लोट्रिमॅझोलने तो काळ आठवड्यावर आणि पुढे एका रात्रीवर आणला.

आता ज्या बुरशीवर हे औषध चालते तिच्याकडे वळू. कँडिडा ही पावात घालायच्या यीस्टच्या जातकुळीतली बुरशी आहे आणि तिच्या अनेक प्रकारांपैकी कँडिडा अल्बिकान्स हा योनिमार्गातल्या संसर्गाला सर्वाधिक कारणीभूत ठरतो. ती बाहेरूनच येते असे नाही. साधारण दहा ते वीस टक्के निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात ती कसलाही त्रास न देता राहत असते आणि अशा वेळी तिच्यावर उपचार करण्याची गरज नसते. पाळी येण्याच्या वयात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, तयार होत राहते. तिच्यावर लॅक्टोबॅसिलस हे जीवाणू जगतात. आपल्या विरजणातल्या जीवाणूंचे हे भाऊबंद लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला सामू (पीएच), म्हणजे आंबटपणाचे माप, ३.८ ते ४.५ या आंबट पट्ट्यात ठेवतात. दुसऱ्या आजारासाठी प्रतिजैविके घेतली की जंतूंबरोबर हे राखणदारही मरतात आणि कँडिडाला मोकळे रान मिळते. म्हणूनच घशाच्या किंवा लघवीच्या संसर्गासाठी औषधांचा कोर्स झाल्यावर आठवड्याभरात खाज सुरू झाल्याचे अनेकींच्या लक्षात येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आंबटपणामुळे कँडिडा मरते, असा समज करून घेऊन योनिमार्गात दही लावण्याचा सल्ला घराघरांत दिला जातो. वास्तविक कँडिडाला आंबट वातावरण चांगलेच मानवते. या संसर्गात योनिमार्गाचा सामू बहुतेक वेळा नेहमीसारखाच राहतो. दही खावे, ते उत्तम अन्न आहे. औषध म्हणून ते आत घालू नये.

शांत बसलेली बुरशी आक्रमक होते तेव्हा तिचे रूप बदलते. गोल पेशींना लांब धागे फुटतात आणि ते अस्तरात शिरतात. हे धागे कँडिडालायसिन नावाचे एक विष तयार करतात, ते अस्तराच्या पेशींना इजा करते, असे २०१६ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह दाखवून दिले. या इजेला शरीर जो प्रतिसाद देते त्यातूनच ती असह्य खाज, लाली, सूज आणि लघवी करताना बाहेरच्या त्वचेला होणारी जळजळ येते. स्राव घट्ट, पांढरा, फुटलेल्या दुधासारखा किंवा दह्याच्या कवडीसारखा असतो आणि त्याला विशेष वास नसतो. दर चार स्त्रियांपैकी तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, असा सर्वमान्य अंदाज आहे. त्यामुळे आपल्यालाच काहीतरी भलते झाले आहे, असे वाटून घेण्याचे कारण नाही, आणि हा आजार झाला म्हणजे स्वच्छतेत किंवा वागण्यात खोट आहे असेही नाही.

क्लोट्रिमॅझोल नेमके काय करते, हे समजायला बुरशीच्या पेशीचे आवरण डोळ्यांसमोर आणावे लागेल. प्रत्येक पेशीभोवती चरबीयुक्त पदार्थांचा एक अतिशय पातळ पडदा असतो; आत काय येऊ द्यायचे आणि बाहेर काय जाऊ द्यायचे हे तो ठरवतो. हा पडदा फार सैलही होऊ नये आणि फार कडकही होऊ नये, यासाठी माणसाच्या पेशी त्यात कोलेस्टेरॉल वापरतात, तर बुरशीच्या पेशी अर्गोस्टेरॉल वापरतात. माणूस आणि बुरशी यांच्यातला हा लहानसा फरकच या औषधाचा आधार आहे. बुरशी अर्गोस्टेरॉल टप्प्याटप्प्याने घडवते आणि त्यातल्या एका टप्प्यावर एक विकर (एन्झाइम) काम करते. त्या विकराच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. क्लोट्रिमॅझोलच्या रेणूतला नायट्रोजन नेमका त्या लोहाला जाऊन चिकटतो आणि विकराचे काम बंद पाडतो. मग अर्गोस्टेरॉल बनत नाही, अर्धवट घडलेला कच्चा माल पडद्यात साचतो, पडदा गळका होतो आणि बुरशीची वाढ थांबते.

वाढ थांबते, हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरले आहेत. नेहमीच्या मात्रेत हे औषध बुरशीला मारण्यापेक्षा तिची वाढ रोखण्याचे काम अधिक करते. उरलेली सफाई शरीराची संरक्षणव्यवस्था करते. त्यामुळे दोन-तीन दिवसांत खाज कमी झाली म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी कपाटात ठेवून देणे चुकीचे आहे. कोर्स पूर्ण करणाऱ्या ८० ते ९० टक्के स्त्रियांना क्लोट्रिमॅझोलच्या गटातल्या औषधांनी आराम पडतो.

मात्रा निरनिराळ्या आहेत: १०० मिलिग्रॅमची गोळी सहा ते सात रात्री, २०० मिलिग्रॅमची तीन रात्री, किंवा ५०० मिलिग्रॅमची एकच. साध्या, पहिल्यांदाच झालेल्या त्रासात या तिन्हींचा परिणाम जवळपास सारखाच असतो. योनिमार्गातून रक्तात जाणारे औषध फार थोडे, साधारण तीन ते दहा टक्के असते, म्हणून पोटाला, यकृताला किंवा इतर चालू औषधांना त्याचा उपद्रव सहसा होत नाही. सुरुवातीला थोडी जळजळ होऊ शकते. ती वाढत गेली किंवा सूज आली, तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवावे.

गोळी झोपण्यापूर्वी ठेवावी, कारण आडवे राहिल्याने ती जागेवर राहते. हात धुऊन, उताणे झोपून गुडघे दुमडावेत आणि बोटाने किंवा नळीने गोळी सरळ वर न ढकलता किंचित मागे, कमरेच्या मणक्याच्या दिशेने, सहज जाईल तितकी आत सरकवावी. योनिमार्गाचा कल तसाच असतो, हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ जणींची गोळी तोंडाशीच अडकते आणि रात्रीतून बाहेर पडते. सकाळी कपड्यांवर पांढरा भुगा किंवा गोळीचे तुकडे दिसले, तरी घाबरू नये. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि गोळीतला चुन्यासारखा दिसणारा उरलेला भाग बाहेर येणारच. मात्र गोळी जशीच्या तशी बाहेर आली, तर ती खोलवर गेली नव्हती किंवा आत पुरेसा ओलावा नव्हता, असे समजावे. पाळी चालू असताना गोळी ठेवू नये, कारण स्रावाबरोबर औषध वाहून जाते. पाळी तोंडावर आली असेल तर ती संपेपर्यंत थांबणे बरे. या दिवसांत टॅम्पॉनऐवजी पॅड वापरावे. या औषधामुळे लॅटेक्सचे निरोध कमकुवत होऊन फाटू शकतात, म्हणून उपचार संपेपर्यंत शरीरसंबंध टाळणेच योग्य. जोडीदाराला काही त्रास नसेल तर त्याच्यावर उपचार करण्याची गरज सहसा नसते. ज्या मुलींना योनिमार्गात गोळी ठेवणे शक्य किंवा मान्य नसते त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरा मार्ग काढतात, तेव्हा संकोचाने त्रास अंगावर काढू नये.

हे सगळे बिनचूक केले तरी गोळीचा गुण येत नाही, असे वरचेवर घडते आणि त्याचे सर्वांत मोठे कारण गोळीत नसून निदानात असते. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःच निदान करून दुकानातून बुरशीचे औषध विकत घेतलेल्या ९५ स्त्रियांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणींना केवळ कँडिडाचा संसर्ग होता. बाकीच्यांना दुसरे काहीतरी होते, मिश्र संसर्ग होता, किंवा काहीच नव्हते. ज्यांना पूर्वी डॉक्टरांनी हेच निदान सांगितले होते त्यांचाही अंदाज फारसा अधिक बरोबर निघाला नाही. चंदेरी पाकिटाचा तुकडा दाखवून तीच गोळी पुन्हा मागणाऱ्या प्रत्येकीने हा आकडा लक्षात ठेवावा.

अंगावरून पांढरे जाणे या एकाच शब्दप्रयोगात आपण किती निरनिराळ्या गोष्टी कोंबतो, ते पाहा. पाळीच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार धरणारा स्राव जातो, तो आजार नव्हे. अंगावरून पांढरे गेल्याने हाडे झिजतात किंवा अशक्तपणा येतो, ही समजूत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे, पण तिला शास्त्रीय आधार नाही. अशा स्त्रीला थकवा असेल तर तिचे हिमोग्लोबिन तपासावे. पातळ, राखाडी झाक असलेला आणि संबंधानंतर माशांसारखा वास येणारा स्राव असेल, तर तो बहुधा जीवाणूंचे संतुलन बिघडल्यामुळे होणारा बॅक्टेरियल व्हजायनोसिस असतो. पिवळट-हिरवा आणि फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या परजीवीकडे बोट दाखवतो. तो संबंधातून पसरतो आणि त्यात जोडीदाराचाही उपचार करावा लागतो. या दोन्हींमध्ये क्लोट्रिमॅझोलवर विसंबून चालत नाही. फरक ओळखण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागते असेही नाही. स्रावाचा थेंब सामू दाखवणाऱ्या कागदाच्या पट्टीवर टेकवायचा, दुसरा काचपट्टीवर घेऊन त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण मिसळायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे: पेशी विरघळून जातात आणि कँडिडाचे धागे तेवढे उरतात. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते करण्यासाठी आधी तपासणी करून घ्यावी लागते.

तपासणी किती दुर्मीळ होती, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना प्रजननमार्गाचा एक किंवा अनेक आजार होते आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के होत्या. त्यानंतर पुष्कळ बदलले आहे, परंतु शहरातली शिकलेली बाईसुद्धा तपासणीच्या टेबलापेक्षा दुकानाचा काउंटर पसंत करते, ही गोष्ट फारशी बदललेली नाही.

जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथे काय करावे, याचे सरकारी उत्तर म्हणजे लक्षणांवरून उपचार. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या रंगीत किटांपैकी योनिस्रावासाठीच्या हिरव्या किटात सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम अशा दोन गोळ्या असतात. पहिली जीवाणू आणि ट्रायकोमोनास यांच्यासाठी, दुसरी कँडिडासाठी. प्राथमिक आरोग्य केंद्रात, रुग्ण पुन्हा येईलच याची खात्री नसताना, हा मार्ग समर्थनीय आहे. पण त्याच धर्तीवर, क्लोट्रिमॅझोल आणि क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक एकत्र असलेल्या गोळ्या तपासणीची सोय असलेल्या ठिकाणीही सरसकट दिल्या जातात, हे मला पटत नाही. कँडिडा नसताना बुरशीरोधक आणि जीवाणू नसताना प्रतिजैविक असा तो दुहेरी अपव्यय आहे, शिवाय त्यातले प्रतिजैविक पुढच्या कँडिडाची सोय करून ठेवते.

याहून घातक चूक मलमांच्या बाबतीत होते. क्लोट्रिमॅझोलचे साधे मलम आणि स्टेरॉइड मिसळलेले मलम यांची नावे पुष्कळदा सारखीच असतात, फक्त पुढचे अक्षर बदलते. स्टेरॉइडने खाज तासाभरात थांबल्यासारखी वाटते, म्हणून तेच मलम घरात सर्वांना आवडते होते. पण रोज वापरल्यास नाजूक जागेची त्वचा पातळ होते आणि बुरशी दबून राहून पुन्हा उसळते. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत बेक्लोमेथॅसोन, बीटामेथॅसोन किंवा क्लोबेटासॉल यांपैकी काही दिसले, तर ते मलम डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिथे लावू नये.

फ्लुकोनॅझोलची तोंडाने घ्यायची एक गोळी सोयीची आहे आणि साध्या संसर्गात ती क्लोट्रिमॅझोलइतकीच परिणामकारक आहे. मात्र ती रक्तातून सगळीकडे फिरते, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन किंवा मधुमेहावरील ग्लिमेपिराइडसारखी औषधे चालू असल्यास त्यांचा परिणाम वाढवू शकते. गरोदरपणात ती टाळतात, कारण गर्भपाताशी तिचा संबंध असू शकतो असे काही अभ्यासांत आढळले आहे. गरोदर स्त्रीला क्लोट्रिमॅझोलसारखे योनिमार्गातच वापरायचे औषध सात रात्री देतात आणि गर्भाशयमुखाला इजा होऊ नये म्हणून नळीऐवजी बोटाने गोळी ठेवायला सांगतात. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेले असल्याने कँडिडाचा त्रास अधिक होतो. तेव्हा एका रात्रीचा उपचार पुरत नाही.

वर्षातून तीन किंवा अधिक वेळा त्रास झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. तेव्हा स्राव प्रयोगशाळेत पाठवून बुरशीचा प्रकार पाहणे आवश्यक ठरते, कारण कँडिडा ग्लाब्राटासारखे प्रकार क्लोट्रिमॅझोल आणि फ्लुकोनॅझोल यांच्या गटातल्या औषधांना नीट दाद देत नाहीत. अल्बिकान्सच असेल तर सुरुवातीच्या उपचारानंतर सहा महिने आठवड्याला एक फ्लुकोनॅझोल देण्याची पद्धत आहे. ग्लाब्राटासाठी बोरिक आम्लाच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल योनिमार्गात ठेवायला देतात. त्या तोंडावाटे गेल्यास विषारी असतात, म्हणून मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात आणि गरोदरपणात अजिबात वापरू नयेत. पाळी कायमची थांबलेल्या, संप्रेरकांचा उपचार न घेणाऱ्या स्त्रीला खाज सुटली, तर तिथे कँडिडा असण्याची शक्यता मुळातच कमी असते, कारण साखर पुरवणारे इस्ट्रोजेनच ओसरलेले असते. तिच्या खाजेचे कारण बहुधा अस्तराचा कोरडेपणा किंवा त्वचेचा एखादा विकार असते आणि कोरड्या जागी गोळी धड विरघळतही नाही.

वारंवार त्रास होणाऱ्या प्रत्येकीची रक्तातली साखर तपासली जाते, ते योग्यच आहे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न आता विचारावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन आणि तिच्या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. २०२० मध्ये भारतात डापाग्लिफ्लोझिनच्या पेटंटची मुदत संपली, अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या आणि हृदयाला व मूत्रपिंडाला होणाऱ्या फायद्यामुळे त्यांचा वापर झपाट्याने वाढला. लघवीतल्या साखरेवर कँडिडा पोसली जाते, म्हणून जननेंद्रियांचा बुरशीसंसर्ग हा त्यांचा सर्वज्ञात दुष्परिणाम आहे. मधुमेहाची चिठ्ठी एका डॉक्टरांची असते, खाजेची तक्रार दुसऱ्यांकडे जाते, आणि दोघांनाही एकमेकांच्या औषधांची नावे ठाऊक नसतात. तेव्हा मधुमेहाची गोळी आपल्या मनाने बंद न करता, दोन्ही चिठ्ठ्या एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि ती गोळी सुरू झाल्याची तारीख व खाज सुरू झाल्याची तारीख डॉक्टरांना सांगावी.